ब्लॉक लेथवाल्याकडे देण्याआधी

धुळ्यात गॅरेजला लागलो तेव्हा ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात मागेपुढे होतो त्या सिलिंडरमध्ये, बोट फिरवायचं आणि ‘बोअर करावं लागेल’ म्हणायचं, एवढंच मला येत होतं. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याची स्प्लेंडर आली. “दादा, गाडी पयस बराबर, पन धूर फेकस,” तो म्हणाला. मी रीबोअर करून, म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) कापून मोठं करून, ०.२५ मिमी ओव्हरसाईज पिस्टन टाकला, व्हॉल्व्ह असतात त्या हेडला हात लावला नाही. आठ दिवसांत गाडी परत, धूर तसाच. दोष इनलेट व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये (दांडा ज्या नळीत सरकतो ती) आणि ऑईल अडवणाऱ्या सीलमध्ये होता. कापूस विकून आणलेला पैसा त्याचा गेला. चांगला ब्लॉक कापला गेला तो वेगळाच.

म्हणून हाफ इंजिनचं, म्हणजे हेड-ब्लॉक-पिस्टनचं, काम शिकणाऱ्या पोरांना मी आधी धूर बघायला लावतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा भपका येऊन थांबत असेल, किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर येत असेल, तर संशय सील आणि गाईडवर. डबलसीट चढावर सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर. मग कॉम्प्रेशन गेज लावा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडा, दोनचार किका मारून परत बघा. काटा चांगला वर चढला तर रिंगा-बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गाडी खोलायच्या आधी एवढं कळतं.

हेड उलटं करून प्लग लावून ठेवा, चेंबरमध्ये पेट्रोल ओता आणि पोर्टमध्ये बघा. झिरपलं तर सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड, धरत नाही. व्हॉल्व्ह काढल्यावर ४५ अंशाच्या तोंडावरचा राखाडी पट्टा बघा. तो साधारण १ मिमीचा, सगळीकडे सारखा हवा. रुंद झाला, मध्ये तुटला किंवा खड्डे पडले तर सीट कटर लागेल. नुसती घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासत बसलात तर पट्टा आणखी रुंद होतो. एक्झॉस्टची कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर तो व्हॉल्व्ह फेकाच, तो जळणारच. व्हॉल्व्हचा दांडा मायक्रोमीटरने दोन जागी मोजा: गाईडमध्ये घासतो तिथे आणि न घासलेल्या भागावर. दोन्ही आकड्यांत फरक आला तर दांडा झिजला. नवा व्हॉल्व्हही गाईडमध्ये डुलतो का, ते वेगळं बघा.

आता बोअर. नखाला ओरखडा कळतो, वरची कड कळते, पण बोअर अंडाकृती झाला आहे का ते नखाला कधीच कळत नाही. त्यासाठी बोअर गेज. वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, प्रत्येक जागी पिस्टनच्या पिनच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने, असे सहा आकडे वहीत लिहा. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी, पिनच्या आडव्या दिशेने सापडते. स्प्लेंडरचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे ही दिशा खाली-वर येते. नवा बोअर ५० मिमी. किती झीज चालते ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. रिंग पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. नव्या रिंगेची फट ०.२ मिमीच्या आसपास असते. कापसाच्या काळ्या मातीत फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर नीट बसलेला नसेल, तर तीच धूळ उभे ओरखडे पाडते.

आपल्या खान्देशात एक गोष्ट जास्तच सांभाळावी लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ॲल्युमिनियमचा पिस्टन २० अंशांनी जास्त तापला तर ५० मिमीला साधारण ०.०२ मिमी फुगतो. आपण शोधत असतो ती झीज कधी कधी एवढीच असते! म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर तासभर एकाच सावलीत ठेवा, मगच मोजा.

आकड्यांनी रीबोअर ठरलाच, तर लेथवाल्याकडे पिस्टन आधी द्या. त्याच पिस्टनवरून तो बोअर करेल. ब्लॉक परत आला की पेट्रोलवर भागवू नका, होनिंगची (बोअर दगडाने घासल्याची) भुकटी त्याने निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. पुसून लगेच ऑईल, नाहीतर ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) गंजतं. मग पांढरं सुती कापड ऑईलमध्ये भिजवून आतून फिरवा. कापड काळं निघालं, तर परत साबण.