जुन्या फ्रीजमधून आंबवणीचं कपाट: सोलापूरच्या हवेसाठी

मे महिन्यात रात्री दहाला वाटून ठेवलेलं इडलीचं पीठ आमच्याकडे पहाटे तीनलाच पातेल्याबाहेर येतं, आणि सकाळी इडल्या लावेपर्यंत ते आंबटढाण झालेलं असतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तेच पीठ सकाळी आठलाही हललेलं नसतं. डाळ-तांदूळ तेच, प्रमाण तेच. फरक फक्त तापमानाचा.

यावरचा उपाय मला घरी बिअर करणाऱ्यांकडून मिळाला. त्यांची अडचण हीच, पण जास्त नाजूक. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांत नीट काम करतं, लागरचं 8 ते 13 अंशांत. त्यातच यीस्ट कामाला लागलं की पिंप आतून तापायला लागतं आणि ताबा सुटला तर चवीला उग्र अल्कोहोलचा वास येतो. म्हणून ते जुना फ्रीज, एक बल्ब आणि तापमान बघून दोन्ही चालू-बंद करणारा एक कंट्रोलर जोडून आंबवणीचं कपाट करतात. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे तो बेत करू नका. पण कपाट तेच राहतं, आणि इडली-डोशाचं पीठ, दही, आंबील यांना ते तितकंच लागू पडतं.

फ्रीज एका दाराचा, साधा, बर्फ हाताने वितळवावा लागतो तसला घ्या. जुने फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे असे मिळतात. घेण्याआधी अर्धा तास चालवून आत गारवा येतोय ना, एवढं बघा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज टाळा, त्यातलं स्वतःचं सर्किट आपल्या कंट्रोलरच्या आड येतं. कंट्रोलर म्हणून एसटीसी-1000 पुरेसा आहे. त्यात दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात, एक गरम करायला आणि एक थंड करायला, प्रत्येकी 10 अँपिअरचा, आणि सेन्सर सोबतच येतो. 220 व्होल्टचाच मागा. याशिवाय 40 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब (एलईडी फारसा तापत नाही, तो चालणार नाही), चिनी मातीचा होल्डर, कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा आणि त्याचा अडॅप्टर, दोन थ्री-पिन सॉकेट आणि एक प्लास्टिकचा बोर्ड लागेल.

जोडणी अशी. कंट्रोलरच्या मागे आठ स्क्रू असतात. 1 आणि 2 वर फेज-न्यूट्रल, 3 आणि 4 वर सेन्सर. फेजचा लूप 5 आणि 7 वर न्यायचा. 6 वरून निघालेली वायर बल्बच्या सॉकेटला, 8 वरून निघालेली फ्रीजच्या सॉकेटला. न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही सॉकेटना थेट. कंट्रोलरवरचा स्टिकर मात्र आधी वाचा, नकली मालात क्रम बदललेला असू शकतो. ही जोडणी वायरमनकडून करून घ्या, किंवा निदान तपासून तरी घ्या. ओलसर कपाट आणि 230 व्होल्ट एकत्र आहेत, त्यामुळे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) यात मी कधीच तडजोड करणार नाही.

फ्रीजच्या भिंतीला भोक पाडू नका, आत गॅसच्या नळ्या असतात. सेन्सर आणि बल्बची वायर दाराच्या रबरातून आत घ्या. बल्ब पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकपासून वीतभर लांब ठेवा. पंखा कायम चालू राहू द्या. फ्रीजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंडवर फिरवून ठेवा, म्हणजे तो मध्येच कॉम्प्रेसर बंद करणार नाही.

आता सेन्सर, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पहिल्यांदा मी तो कपाटात नुसता लोंबकळत ठेवला होता. हवा 28 दाखवत होती आणि पातेल्यात बोट घातलं तर पीठ चांगलंच कोमट. आंबणारं पीठ स्वतःही थोडं तापतं, आणि पातेलंभर पिठाला निवायला हवेपेक्षा खूप वेळ लागतो. म्हणून सेन्सर पातेल्याच्या बाहेरून, पिठाच्या पातळीखाली टेकवा, वरून थर्मोकोलचा तुकडा दाबा आणि टेपने आवळून बांधा. मग तो हवेचं नाही, पिठाचं तापमान सांगतो. त्याआधी त्याची परीक्षा घ्या: पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून सेन्सर बुडवा. आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. 0.8 दाखवत असेल तर कंट्रोलरच्या एफ4 या सेटिंगमध्ये उणे 0.8 भरा.

एस बटण तीन सेकंद दाबलं की सेटिंग उघडतं. एफ1 म्हणजे हवं ते तापमान. एफ2 म्हणजे किती फरक पडल्यावर जागं व्हायचं. 1 अंश ठेवा, त्याहून कमी ठेवलं की फ्रीज आणि बल्ब आळीपाळीने भांडत बसतात. एफ3 म्हणजे कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायच्या आधीची मिनिटं. तिथे 5 ठेवा. आपल्याकडे लाइट जाते-येते, आणि लगेच सुरू होणारा कॉम्प्रेसर जळू शकतो.

इडलीच्या पिठाला 28 ते 30 अंश, आठ ते दहा तास. पातेलं अर्धंच भरा. हे पीठ फुगवणारे जिवाणू याच तापमानाला खूश असतात; 35 च्या वर फुगणं कमी आणि आंबटपणा जास्त. शेजारच्या अक्का हे अंदाजाने ओळखतात: उन्हाळ्यात त्या पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात. ज्वारीच्या आंबिलीलाही 28 चालतं, रात्रभर. दह्याला 42 अंश आणि पाच-सहा तास, पण त्या वेळी फ्रीजचा प्लग काढून ठेवा आणि फक्त बल्ब चालवा, तापलेल्या कपाटात कॉम्प्रेसरवर फार ताण येतो. 45 च्या वर कपाट कधीच नेऊ नका. दूध घट्ट बसतं ते पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, 4.6 च्या आसपास आला की. आणि पीएचची ही मोजपट्टी 1909 मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी बनवली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत. ही गोष्ट मला फार आवडते.

एसटीसी-1000 ला एकच तापमान सांगता येतं. रात्री 28 आणि पहाटे पाचनंतर आपोआप 6, म्हणजे पीठ तयार होऊन तिथेच थांबेल, असं हवं असेल तर ईएसपी32 बोर्ड (प्रोग्रॅम लिहून चालवता येणारा छोटा कॉम्प्युटर), तापमानाचा डीएस18बी20 सेन्सर आणि दोन रिलेंचं मॉड्यूल घ्या. सेन्सरच्या डेटा आणि पॉझिटिव्ह वायरमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लागतो. प्रोग्रॅममध्ये कॉम्प्रेसरची पाच मिनिटांची विश्रांती स्वतः लिहावी लागते, आणि सेन्सर निखळला तर दोन्ही रिले बंद होतील अशी ओळही. पण आधी महिनाभर साध्या कंट्रोलरवर चालवा. आपल्या फ्रीजचा स्वभाव कळला की आकडे ठरवणं सोपं जातं.

कपाट रिकामं असेल तेव्हा प्लग काढा, आतून सुक्या फडक्याने पुसा आणि दार बोटभर उघडं ठेवा. बंद दमट फ्रीजमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.