जुन्या डिझेल गाडीचा सायलेन्सर पाईप तुटला, साताऱ्यात कसा दुरुस्त केला

यवतेश्वरचा घाट चढताना गाडी एकदम ट्रॅक्टरसारखी फडफडायला लागली आणि आत धुराचा वास यायला लागला, म्हणून काचा खाली केल्या आणि हळूहळू सातारला परत आणली. वास येत असेल तर काचा लावून अजिबात चालवू नका, धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

लीक शोधायला सोपं आहे. इंजिन गार असतानाच चालू करायचं आणि मागचं नळकांडं जाड फडक्यानं क्षणभर दाबायचं, जिथं फुटलंय तिथून फुसफुस आवाज येतो. डिझेल असल्यामुळं काळी काजळीपण दिसते. माझ्या गाडीचा पुढचा फ्लेक्झिबल, म्हणजे ती जाळीवाली लवचिक नळी, फाटला होता.

एमआयडीसीतला वेल्डर म्हणाला साधा पाईप टाकतो, स्वस्तात होईल. मी नाही म्हणलं, कारण इंजिन हलतं तो हिसका फ्लेक्झिबल झेलतो, तिथं कडक पाईप लावला की ताण मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनमधला धूर गोळा करून पाईपात सोडणाऱ्या भागावर, जातो आणि मग तिथं क्रॅक. त्याच व्यासाचा स्टेनलेसचा नवा फ्लेक्झिबल आणला, जुना कापून तो जोडून घेतला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नायतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जायची भीती असते. सायलेन्सर लटकवायचे रबर पण बदलले, चिरले होते. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार, दबून खराब झालेलं निघालं, तेपण नवीन टाकलं, ते तसंच ठेवलं असतं तर नवा फ्लेक्झिबलसुद्धा लवकर फाटला असता.