तिघांच्या खोलीत अभ्यास कसा करावा

होस्टेलवर अभ्यास झाला नाही की मुलं स्वतःच्या आळसाला दोष देतात. बऱ्याचदा खरी अडचण खोलीत असते. तीन कॉट, छताला एक ट्यूबलाइट, भिंतीत दोन प्लगपॉइंट आणि तिघांची झोपायची वेळ वेगवेगळी. हे आधी मार्गी लावलं की उरलेल्या गोष्टी सोप्या होतात. पुढची उदाहरणं पुण्यातल्या इंजिनिअरिंग होस्टेलची आहेत. इतर शाखेच्या मुलांनी पेपरचे आकडे तेवढे बदलून घ्यावेत.

बसायची जागा

कॉटवर अभ्यास करू नका. उशीला टेकून वाचायला घेतलं की मान वाकते, हाताला लिहायला जागा उरत नाही आणि लिहिणं थांबलं की डोळा लागतो. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच असेल तर कोपर टेबलाच्या पातळीला येतो आणि पाय जमिनीला टेकतात. प्लॅस्टिकची खुर्ची बहुधा दोन-तीन सेंटिमीटर बुटकी असते. घडी घातलेली चादर खाली घेतली की काम भागतं. टेबलच नसेल तर जमिनीवर सतरंजी टाकून, भिंतीला पाठ लावून, घडीच्या छोट्या टेबलावर लिहा. पण कॉट नको.

टेबल भिंतीकडे तोंड करून लावा, दाराकडे नको. विंगमधून दर दोन मिनिटांनी कोणीतरी जात असतं आणि मान आपोआप वळते.

ट्यूबलाइट पाठीमागे आली की स्वतःचीच सावली वहीवर पडते. रात्री डोळे चुरचुरण्याचं ते एक मोठं कारण. ५ ते ९ वॅटचा एलईडी टेबललॅम्प घ्या. उजव्या हाताने लिहीत असाल तर तो डावीकडे ठेवा, वहीपासून हातभर उंच, आणि बल्ब थेट डोळ्यांत येणार नाही असा वळवा. याच लॅम्पमुळे रूममेट झोपल्यावर मोठा दिवा बंद करता येतो, म्हणजे भांडणाचं एक कारण कमी.

विजेचं एक गणित लक्षात ठेवा. साधा ६ ॲम्पिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड २३० व्होल्टवर फार तर १३८० वॅट पेलतो. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा, त्यामुळे तिघांचे लॅपटॉप आणि लॅम्प आरामात चालतात. त्याच बोर्डवर १५०० वॅटची किटली लावली की बोर्ड तापतो, कधी एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि ऐन सबमिशनच्या रात्री अख्खी विंग अंधारात बसते.

रूममेटशी आधीच बोलून घ्या

हे सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात करायचं काम आहे. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, डोकी तापलेली असताना हा विषय काढला की त्याचं भांडण होतं. तिघांनी एकत्र बसून चारच गोष्टी ठरवा: मोठा दिवा किती वाजता बंद, फोनवर बोलायचं तर कुठे, बाहेरची मुलं खोलीत कधीपर्यंत, आणि रोजचे दोन शांत तास कोणते. कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. चारपेक्षा जास्त नियम केले तर ते आठवडाभरही टिकत नाहीत.

शांत तास सगळ्यांना झेपतील असे निवडा. मेसचं जेवण ८ ते ९:३० असेल तर ९:४५ ते ११:४५ बरे पडतात. पहाटे उठणारा एखादा असतोच. त्याने अलार्म उशीखाली व्हायब्रेटवर ठेवावा आणि पुस्तकं रात्रीच टेबलावर काढून ठेवावीत. पहाटे ५:३० ला कपाटाच्या पत्र्याचा आवाज झाला की उरलेले दोघे कुरकुरणारच, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे.

संध्याकाळी ६ ते ८ या वेळात होस्टेल शांत होईल अशी आशा धरू नका. कॅरम, आंघोळीची रांग, घरचे फोन, सगळं त्याच वेळात येतं. त्या वेळेला असाइनमेंट उतरवणं, जर्नल पूर्ण करणं, ड्रॉइंग शीटला बॉर्डर मारणं, प्रिंट काढून आणणं अशी डोक्याला ताण नसलेली कामं ठेवा. डेरिव्हेशन आणि न्यूमेरिकल शांत तासांसाठी राखा. पुष्कळ मुलं नेमकं उलटं करतात: शांत वेळ फाइल लिहिण्यात घालवतात आणि गोंगाटात एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) घेऊन बसतात.

आवाज थांबतच नसेल तर औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते नुसते कानात कोंबले तर काही उपयोग होत नाही. आधी बोटांत वळून बारीक वात करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. शब्द असलेली गाणी लावून थिअरी वाचू नका. गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द एकमेकांत अडकतात. पंख्याची एकसारखी घरघर चालते.

पुस्तक मिटून लिहा

पुन्हापुन्हा वाचलं की सगळं येतं असं वाटतं, कारण पान ओळखीचं झालेलं असतं. पेपरात मात्र समोर पान नसतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. आदल्या रात्रीचं वाचन फसवं का ठरतं, ते यावरून कळतं.

हे खोलीत कसं करायचं ते थर्मोडायनॅमिक्समधल्या ऑटो सायकलवर, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्रावर, बघा. टॉपिक एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोरं पान घ्या. पी-व्ही डायग्राम काढा, चारही प्रोसेसची नावं लिहा, एफिशियन्सीचं सूत्र स्वतः काढा. मग त्यात कॉम्प्रेशन रेशो ८ आणि गॅमा १.४ घाला. उत्तर ५६.५ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर उष्णता देण्याच्या टप्प्यावर सीव्हीऐवजी (स्थिर व्हॉल्यूमची विशिष्ट उष्णता) सीपी (स्थिर प्रेशरची) तर धरला नाही ना, ते बघा. ऑटोमध्ये उष्णता स्थिर व्हॉल्यूमला दिली जाते, डिझेल सायकलमध्ये स्थिर प्रेशरला. घोटाळा बहुतेक इथेच होतो. चुकलेली जागा लाल पेनने खुणावून ठेवा. तोच टॉपिक दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या पानावर काढा. दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

२५ मिनिटांचा टायमर थिअरीला ठीक आहे. न्यूमेरिकल अर्ध्यावर तुटतो, म्हणून त्याला ५० मिनिटं द्या आणि मग १० मिनिटं उठून चाला. तेवढा वेळ फोन कपाटात ठेवा किंवा रूममेटच्या ताब्यात द्या. उलटा करून टेबलावर ठेवलेला फोन हातात येतोच.

पीएलमध्ये

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० गुणांची, एका तासाची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम, म्हणजे शेवटची परीक्षा, ७० गुणांची, अडीच तासांची, उरलेल्या चार युनिटवर. दोन्हीकडे गुणामागे साधारण दोन मिनिटं मिळतात, म्हणजे १८ गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. मागच्या पेपरांतला एकेक प्रश्न निवडून घड्याळ लावून सोडवा. वेळ संपली की पेन खाली ठेवा आणि किती राहिलं ते मोजा. प्रश्न येतो पण वेळेत बसत नाही, हे इथेच कळलेलं बरं.

ग्रुप स्टडी करायची तर प्रत्येकाने युनिट वाचून झाल्यावरच, आणि पाऊण तासात उरका. एकाने समजावायचं, बाकीच्यांनी अडवायचं. कोणीच वाचलेलं नसेल तर गप्पा होतात आणि अकराला मॅगी.

आदल्या रात्री नवीन युनिट उघडू नका. लाल पेनच्या खुणा तेवढ्या बघा, हॉल तिकीट, आयकार्ड आणि कॅल्क्युलेटर बॅगेत टाका आणि साडेअकराला लॅम्प बंद करा. पेपर सकाळचा असेल तर गरम पाण्याची रांग लागायच्या आत आंघोळ उरकून घ्या.