कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेमसाठी संगीतकार आणि संगीतशैली कशी निवडावी

कल्पनारम्य विश्वात घडणारा रोल-प्लेइंग गेम तयार करणारे लहान संघ संगीताचा निर्णय बहुधा सर्वांत शेवटी घेतात, आणि तो घेताना मेन्यूवर वाजणारा दीड-दोन मिनिटांचा भव्य तुकडा कानांसमोर ठेवतात. खेळाडू मात्र तो तुकडा एका बैठकीत एकदाच ऐकतो. त्याच्या सोबतीला तासन्‌तास असते ते रानातून चालतानाचे, गावातल्या लोहाराशी बोलतानाचे आणि पोतडीतल्या वस्तू लावतानाचे संगीत. दोन मिनिटांचा लूप, म्हणजे संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा तुकडा, चाळीस मिनिटांत वीस वेळा वाजतो. म्हणून शैली असो वा संगीतकार, माझी कसोटी एकच आहे: हे संगीत पहिल्या मिनिटाला किती भारावते हे न पाहता चाळिसाव्या मिनिटाला ते सोबत करते की छळते, हे पाहावे.

त्यासाठी संगीतकाराचा शोध सुरू करण्यापूर्वी आपल्याच गेमची वेळेची नोंद करावी. आवाज बंद ठेवून, गेम पूर्वी न पाहिलेल्या तीन-चार जणांना तासभर खेळायला द्यावे आणि ते कोठे किती वेळ रेंगाळतात हे घड्याळ लावून लिहून काढावे. आमच्या एका गेमच्या नोंदीत साठ मिनिटांपैकी बावीस मिनिटे रानात, चौदा गावात, अकरा लढायांत, आठ नकाशा व मेन्यूंत आणि उरलेली पाच कथेच्या प्रसंगांत गेली होती. आम्ही मात्र संगीताच्या निधीपैकी निम्मा वाटा लढाईच्या तुकड्यांसाठी बाजूला काढून ठेवला होता. एकेक लढाई सरासरी चाळीस सेकंदांत संपत होती, म्हणजे तीन मिनिटांच्या त्या तुकड्यांचा उत्तरार्ध जवळजवळ कोणाच्याच कानी पडणार नव्हता. ही नोंद हाती आल्यावर रानाच्या संगीताला पहिले स्थान मिळाले. आठ-दहा तासांच्या गेमला तीस ते चाळीस मिनिटांचे मूळ संगीत पुरते, मात्र ते थरांमध्ये, म्हणजे वाद्यांचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतील असे, रचलेले असावे आणि अधूनमधून शांततेला जागा दिलेली असावी.

शैली ठरवताना ‘कल्पनारम्य म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि समूहगान’ हे समीकरण बाजूला ठेवावे. तो एक उत्तम पर्याय आहे, पण पर्यायच आहे. २०१५ मध्ये आलेल्या ‘द विचर ३’ या गेमसाठी मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रोइन्स्की यांनी ‘पर्सिव्हल’ या पोलिश लोकसंगीत-गटाला बरोबर घेतले. त्या गटातील गायिकांचा उघडा, खडा स्वर आणि जुन्या लोकवाद्यांचा खरखरीत नाद यांमुळे तो प्रदेश डोळे मिटूनही ओळखू येतो. येथे शैली गेमच्या मातीतून आली आहे. आपल्या जगाबद्दल संगीतकाराला सांगताना ‘भव्य’, ‘गूढ’, ‘वीरश्रीयुक्त’ असली विशेषणे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्या जगात लाकूड मुबलक आहे की धातू, लोक उघड्यावर गातात की गुहेत, कातडी कोणत्या प्राण्याची मिळते, देवाला हाक कशी मारतात, अशा प्रश्नांची उत्तरे द्यावीत. संगीतकार त्यांतून वाद्ये स्वतः शोधतो.

सह्याद्रीच्या वळणाचे जग रचणाऱ्यांना येथे एक मोठी ठेव आयती उपलब्ध आहे आणि तिच्याबरोबर जबाबदारीही आहे. पालघरच्या वारली पाड्यांवरचा, भोपळा आणि बांबू यांपासून बनणारा तारपा अखंड घुमत राहतो आणि रानाच्या संगीताला लागणारी सलगता त्याच्यात मुळातच आहे. दिमडी, हलगी, तुणतुणे, गोव्याचे घुमट यांच्या नादाला ओळखीचा असा पोत आहे. परंतु वाद्याबरोबर त्याचा अर्थही येतो. संबळ वाजू लागला की मराठी श्रोत्याला गोंधळ आठवतो, दिवटी आणि देवीचा उदोकार आठवतो. तेच वाद्य केवळ जोरकस वाटते म्हणून दरोडेखोरांच्या हल्ल्यासाठी वापरले, तर ज्याच्या मनात तो अर्थ आहे त्याला ते खुपेल. ज्या प्रसंगी देवता जागी होते, त्या प्रसंगासाठी संबळ राखून ठेवावा. मग तो एकदाच वाजला तरी अंगावर काटा येतो. अशी वाद्ये संगणकावरच्या सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे वाद्यांच्या आधीच मुद्रित केलेल्या सुट्या आवाजांच्या संग्रहातून, घेण्यापूर्वी ती नीट ऐकून पाहावीत. तंतुवाद्यांतील मींड आणि संबळावरच्या वाकड्या टिपरीचा घुमारा सुट्या-सुट्या आघातांच्या मुद्रणात सहसा हरवतो. निधी कमी असेल तर बाकी सर्व थर संगणकावर करून त्यावर एकच वादक प्रत्यक्ष वाजवून घ्यावा. त्या एका माणसाच्या श्वासाने सगळा तुकडा जिवंत होतो.

संगीतकार त्याच प्रदेशातला असावा, असा आग्रह मात्र मी धरणार नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तयार केलेल्या आणि २०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ या गेमची कथा भारतीय पुराणविश्वात घडते आणि तिचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. उलट दिशेनेही हे घडते: बेल्जियमच्या ‘लॅरियन’ या कंपनीचा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ (२०१७) हा गेम खेळाडूला आपल्या पात्रासाठी एक वाद्य निवडायला सांगतो आणि त्या चार वाद्यांत आपली बासरीही आहे. बोरिस्लाव स्लावोव यांच्या संगीतात निवडलेले ते वाद्य पुढे खेळाडूच्या वाटचालीत ऐकू येते. शैलीचा निर्णय खेळाडूच्या हाती देण्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

मुख्य सुरावटीची परीक्षा हार्मोनियमवर एका बोटाने घ्यावी. १९८७ मध्ये नोबुओ उएमात्सु यांनी ‘फायनल फँटसी’ या गेमचे पहिले संगीत केले, तेव्हा फॅमिकॉम या गेम खेळण्याच्या यंत्रावर सुरावटीसाठी जेमतेम तीन स्वरवाहिन्या होत्या. शिवाय गोंगाटासाठी एक आणि ध्वनितुकड्यांसाठी एक, एवढीच सामग्री हाताशी होती. त्यातून उभ्या राहिलेल्या सुरावटी आज मोठ्या वाद्यवृंदांच्या मैफलींत वाजतात. सजावट काढून टाकल्यावर जी सुरावट गुणगुणता येत नाही, तिच्यावर ऐंशी वादक बसवूनही ती लक्षात राहत नाही.

शांतता हाही शैलीचाच भाग आहे. ‘डार्क सोल्स’ या गेममध्ये (२०११) बहुतेक प्रदेशांतून खेळाडू संगीताविना, केवळ स्वतःच्या पावलांच्या आणि शस्त्रांच्या आवाजात चालतो. मोतोइ साकुराबा यांचे संगीत मुख्यतः मोठ्या शत्रूंसमोर आणि विसाव्याच्या जागी येते. त्यामुळे ते सुरू होणे ही स्वतःच एक घटना ठरते. आपल्या गेममध्ये कोठे काहीच वाजणार नाही, हे संगीतकाराला पहिल्याच भेटीत सांगावे.

आता ज्या गोष्टीवर गेमचे संगीत खऱ्या अर्थाने तरते किंवा बुडते, त्या सांध्यांकडे, म्हणजे एका संगीतातून दुसऱ्यात जाण्याच्या जागांकडे, वळू. चित्रपटात लढाई केव्हा सुरू होणार हे संगीतकाराला ठाऊक असते, गेममध्ये ते खेळाडू ठरवतो. रानाच्या संगीतातून लढाईच्या संगीतात जायचे तर दोन मार्ग आहेत: चालू तुकड्यावरच नवे थर चढवणे, किंवा तुकडा संपवून दुसरा सुरू करणे. दुसऱ्या मार्गात किती वेळ थांबायचे हा प्रश्न येतो. समजा रानाचे संगीत तीनतालात, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत आहे. समेची वाट पाहायची तर १६ मात्रांचे आवर्तन १६ सेकंदांचे होते. सम नुकतीच होऊन गेली असेल, तर चाळीस सेकंदांच्या लढाईत खेळाडू जवळजवळ अर्धा वेळ रानाचेच संगीत ऐकत राहील. लय १२० केली तर आवर्तन आठ सेकंदांचे आणि चार मात्रांचा विभाग दोन सेकंदांचा होतो. दोन सेकंदांचा उशीर कानाला खटकत नाही, विशेषतः शत्रू दिसताच डफाचा एखादा ठोका किंवा तुतारीची एक लकेर तत्काळ वाजवली तर. याचा अर्थ असा की लढाईचे संगीत रानाच्याच लयीत किंवा तिच्या दुपटीत असावे आणि प्रत्येक विभागाच्या आरंभी प्रवेश करता येईल असे रचलेले असावे.

आपल्या परंपरेतील षड्जाचा अखंड आधार येथे फार कामी येतो. स्वरसंगतींची मालिका असलेल्या संगीतात अधेमधे थर चढवला तर तो त्या क्षणीच्या संगतीशी भांडू शकतो. एकाच षड्जावर उभ्या असलेल्या संगीतात मात्र थर केव्हाही आत येऊ शकतो. सर्व तुकडे एकाच पट्टीत, उदाहरणार्थ काळी दोनमध्ये ठेवले, तर गाव, रान आणि लढाई यांमधील सांधे जवळजवळ आपोआप जुळतात, आणि एकाच बासरीवर सर्व मुद्रण होते. एकसुरीपणाची भीती वाटत असेल तर पट्टी न बदलता स्वरसमूह बदलावा: गावाला भूप, ओसाड किल्ल्याला मारवा.

संगीतकार निवडताना शोरीलवर, म्हणजे त्याने आपल्या कामातून निवडून जोडलेल्या नमुन्यांवर, फार विसंबू नये, कारण त्यात प्रत्येक तुकड्याची सर्वांत देखणी वीस सेकंदेच असतात. त्याने केलेला एखादा संपूर्ण लूप मागवावा आणि स्वतःचे काम करता-करता तो चाळीस मिनिटे ऐकावा. पटले तर एक लहान चाचणी-काम, ठरलेला मोबदला देऊनच, करवून घ्यावे: दोन मिनिटांचा रानाचा लूप, त्याचे तीन वेगळे थर आणि लढाईत जाणारा एक सांधा. फुकट चाचणी मागू नये. चांगले लोक त्यामुळेच दूर जातात. गेमचा अनुभव नसलेल्यांना डावलण्याचेही कारण नाही. मराठी नाटकाला रंगमंचाच्या कडेला बसून प्रत्यक्ष साथ करणारा वादक नटाने घेतलेला विराम जोखतो, प्रवेश लांबला तर ठेका धरून ठेवतो आणि नेमक्या शब्दावर उतरतो. गेमच्या संगीताला नेमकी हीच दृष्टी लागते. गेममधील प्रसंगानुसार संगीत बदलणारी एफमॉड किंवा वाइज यांसारखी संगणकीय साधने शिकायला काही आठवडे पुरतात. ती दृष्टी यायला वर्षे जातात.

एक चूक आमच्या हातून झाली, ती इतरांनी टाळावी. संगीतकार मिळेपर्यंत तात्पुरते म्हणून आम्ही एका प्रसिद्ध गेमचे संगीत आमच्या गेममध्ये लावून ठेवले. सहा महिन्यांत संपूर्ण संघाचे कान त्याला इतके सरावले की नवा संगीतकार जे आणील ते आम्हाला उणे वाटू लागले. आम्ही नकळत त्याच्याकडे नक्कल मागत होतो आणि एक गुणी माणूस तीन महिने स्वतःचे काम करू शकला नाही. तात्पुरते काही लावायचेच असेल तर नुसते पक्ष्यांचे, वाऱ्याचे, पाण्याचे आवाज लावावेत.

करार लेखी असावा, मैत्री कितीही जुनी असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो केवळ भारत, असे धरले जाते. गेम तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो आणि दहा वर्षांनंतरही विकला जातो, म्हणून ‘संपूर्ण जग’ आणि मुदत हे दोन्ही स्पष्ट लिहावे. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपुष्टात आल्याचे मानले जाते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. गेमला तीन-चार वर्षे लागतात, हे लक्षात घेता हे कलम विसरणे महागात पडते. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले आहे, तेव्हा त्याबद्दलची वाक्ये वकिलाकडून तपासून घ्यावीत. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकांच्याही सह्या घ्याव्यात. संगीताचा अल्बम स्वतंत्रपणे कोण प्रकाशित करणार हे ठरवताना आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी: ते संगीत यूट्यूबच्या आपोआप हक्क सांगणाऱ्या यंत्रणेत नोंदवले जाणार नाही, अन्यथा आपला गेम प्रेमाने दाखवणाऱ्या खेळाडूंच्याच चित्रफितींवर दावे लागतात.

काम हाती घेताना प्रत्येक थर वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये मागावा. लूपसाठी एमपी३ टाळावे, कारण त्या स्वरूपात फाइलच्या आरंभी थोडी शांतता भरली जाते आणि प्रत्येक आवर्तनाला ठेका अडखळतो. ऑग या स्वरूपाच्या फाइलमध्ये ही अडचण येत नाही. शेवटच्या स्वराचा घुमारा लूपच्या आरंभावर सांडू द्यावा, म्हणजे सांधा कळत नाही. मग हे सारे गेममध्ये लावून, पावलांचे, तलवारींचे आणि संवादांचे आवाज चालू ठेवून, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे. बासरी आणि संवाद एकाच उंचीवर आदळत असतील तर बासरीला एक सप्तक वर न्यावे किंवा त्या गावकऱ्याचे बोलणे संपेपर्यंत तिला थांबवावे. यानंतर त्याच तीन-चार जणांना पुन्हा तासभर खेळायला बसवावे, या वेळी आवाज चालू ठेवून, आणि कोणाचा हात कितव्या मिनिटाला आवाज कमी करण्याकडे जातो, तेवढे लिहून ठेवावे.