एक कॉम्प्युटर, तीन खाती

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "दादा, कुठला अँटिव्हायरस टाकू?" हा प्रश्न चहाच्या आधी येतो. त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: या मशीनवर बँकेचं काम कोण करतं आणि गेम कोण उतरवतं? दोघं कॉम्प्युटरच्या एकाच खात्यातून (म्हणजे एकाच लॉगिननं) बसत असतील, तर विकतच्या अँटिव्हायरसचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

हल्लीचं स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्रॅम, बहुतेक वेळा ब्राउझरवर डोळा ठेवून असतं. साठवलेले पासवर्ड, चालू असलेली लॉगिनं, क्रिप्टोचं पाकीट, सगळं काही मिनिटांत गोळा करून पाठवून देतं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पोलिस यंत्रणांच्या मदतीनं 'लुमा' नावाच्या अशाच चोराचं जाळं मोडलं. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्यानं ३,९४,००० हून जास्त विंडोज मशीन गाठली होती. या चोरांना ॲडमिनचे, म्हणजे मशीनवर सगळं बदलता येण्याचे, अधिकार लागतातच असं नाही. ज्या खात्यात शिरले, त्या खात्यातलं सगळं त्यांना वाचता येतं. पण शेजारच्या खात्यातलं वाचायला अधिकार लागतात, आणि आपला सगळा डाव याच एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून तीन खाती करा. एक ॲडमिनचं, फक्त सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्यापुरतं. दुसरं बँक, इन्कम टॅक्स आणि ईमेलचं. तिसरं बाकी सगळ्यांचं. शेवटची दोन्ही साधी, ॲडमिनचे अधिकार नसलेली. आणि तिन्हींना वेगवेगळे पासवर्ड.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे नवीन खातं बनवून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग त्या नव्या खात्यात शिरून तुमचं जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. म्हणजे फायली हलवायची भानगड नाही. मॅकवर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमधल्या युजर्स अँड ग्रुप्समध्ये होतं. लिनक्सवर नवीन खातं काढलंत की प्रत्येक खात्यातून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'chmod 700 ~' ही आज्ञा एकदा चालवा, म्हणजे त्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद होतं. काही जुन्या आवृत्त्यांत एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला उघडून बघता येतं.

आता विंडोजबद्दल जरा सविस्तर, कारण माझ्याकडची बहुतेक प्रकरणं तिथलीच. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घराला पुरतो, फक्त तो खरंच जागा आहे का ते बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स', म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागा. ही यादी घरच्या मशीनवर सहसा रिकामी असते. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचं फोल्डर दिसलं, तर कुणीतरी डिफेंडरला "इकडे बघू नकोस" असं सांगून ठेवलंय. फुकटात विंडोज किंवा ऑफिस चालू करून देणारे ॲक्टिव्हेटर हेच करतात. "आधी अँटिव्हायरस बंद करा" ही सूचना तर त्यांच्या पहिल्याच ओळीत असते. यादीतली नोंद काढा आणि स्कॅन ऑप्शन्समधून 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होतं, पंधरा-एक मिनिटं जातात. विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होत असल्यानं लपून बसलेलंही त्यात सापडू शकतं.

मराठी टायपिंगसाठी चोरीचं सॉफ्टवेअर टाकलेली मशीन डीटीपीवाल्यांकडेच नाही, शिक्षकांच्या घरीही दिसतात. त्याची गरज उरलेली नाही. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडला की झालं. मात्र विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेटही मिळत नसतील तर त्या मशीनवर बँकेचं काम नको. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाका.

"मॅकला काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी फ्रूटफ्लाय या स्पायवेअरची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका तरुणावर २०१८ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. या स्पायवेअरमधून तेरा वर्षांहून अधिक काळ तो हजारो कॉम्प्युटरांत शिरून, लोकांचे कॅमेरे आणि माइक चालू करून बघत-ऐकत होता, असा आरोप होता. मॅकवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये चार याद्या वाचा: ॲक्सेसिबिलिटी, स्क्रीन रेकॉर्डिंग, इनपुट मॉनिटरिंग, फुल डिस्क ॲक्सेस. तिथलं प्रत्येक नाव ओळखीचं हवं. लॉगिन आयटम्सचंही तसंच. आणि एखादं ॲप उघडेना म्हणून 'ओपन एनीवे' दाबायच्या आधी, ते ॲप कुठून आणलं ते आठवा.

लिनक्सवाली मंडळी निवांत असतात, बऱ्याच अंशी रास्तच. पण २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटच्या साइटवर घुसून तिथली लिंक चोराला गुपचूप आत शिरता येईल असं 'मागचं दार' ठेवलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या फाइलकडे) वळवली गेली होती. म्हणून उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (SHA-256, फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) ताडून बघा. सॉफ्टवेअर तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यातूनच) घ्या. आर्च या लिनक्सच्या एयूआर नावाच्या, वापरकर्त्यांनीच भरलेल्या साठ्यात कुणीही पॅकेज टाकू शकतं. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या 'दुरुस्ती'च्या नावाखाली तिथे दूरवरून मशीन ताब्यात घेणारा प्रोग्रॅम आला होता.

विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखी चालणारी एक युक्ती सध्या जोरात आहे. "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" असं पान येतं आणि विंडोजची खूण असलेली कळ व आर एकत्र दाबून, मग पेस्ट करून एंटर दाबायला सांगतं. मॅकवर तेच टर्मिनल उघडून. कुठलाही खरा कॅप्चा असलं काही करायला लावत नाही. पान बंद करा. घरातल्या शाळकरी मुलांना हे एकदा दाखवून ठेवा, गेमच्या नादात तीच आधी फसतात.

ब्राउझरची एक्सटेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, हीही चाळा. चांगली एक्सटेंशन्स विकली जातात आणि नवा मालक त्यात वाटेल ते भरतो. लाखो लोक वापरत असलेलं 'द ग्रेट सस्पेंडर' गूगलनं याच कारणासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये काढून टाकलं. बँकेच्या कामाच्या त्या दुसऱ्या कॉम्प्युटर-खात्यातल्या ब्राउझरमध्ये एकही एक्सटेंशन नको.

संशय आलाच तर आधी वायफाय बंद करा. पासवर्ड त्या मशीनवरून बदलू नका, नवाही चोराच्याच हाती जाईल. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून आधी ईमेलचा बदला, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांतून लॉग आउट' दाबा. चोरलेली लॉगिनं पासवर्ड बदलूनही काही वेळा चालू राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आधी शोधाशोध करत बसू नका. त्यानंतर फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून मशीन पूर्ण पुसा. तो पेनड्राइव्ह परत लावताना सेटअपच्या जुन्या फायली मात्र बाहेरच ठेवा. नाहीतर महिन्याभरात मला पुन्हा फोन येतो.