कीलला पाण्याखाली दणका बसल्यावर या चुका टाळा

शिडाच्या नौकेची कील, म्हणजे तळाखाली असलेला जड, पात्यासारखा भाग, पाण्याखालच्या खडकावर, बुडालेल्या ओंडक्यावर किंवा जेमतेम तरंगणाऱ्या कंटेनरवर आपटली, की पहिली चूक पुढच्या पाच मिनिटांतच होते. नौका पुढे सरकते आहे आणि सुकाणूही वळते आहे, तेव्हा काही झालेले नाही, असे समजून प्रवास चालू ठेवला जातो. खरे तर त्याच वेळी एकाने केबिनच्या तळफळ्या उचलून बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचते त्या पोकळीत, टॉर्चचा झोत टाकायला हवा. समुद्रात असाल तर तिथले पाणी बोटाने चाखून पाहावे, कारण अशा धक्क्याने गोड्या पाण्याच्या टाकीची नळीही निखळते. पाणी खारे लागले, तर बिल्ज पुसून कोरडा करावा आणि कीलच्या बोल्टांभोवती पुन्हा ओल येते का, हे तिथेच बसून पाहावे.

नौका अडकून बसली असेल, तर इंजिनाच्या जोरावर ती ओढून काढण्याची घाई होते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे पाणी उतरताना ही घाई समजण्यासारखी आहे. तरीही आत पाणी येत नाही याची आधी खात्री करावी आणि मग माणसे एका बाजूला बसवून नौका कलती करावी, म्हणजे तिला लागणारी खोली कमी होते. अडकलेल्या स्थितीत नौका आडवी फिरवली, तर कीलच्या जोडाला पीळ बसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कीलच्या पुढच्या कडेवरचा ओरखडा पाहून नुकसानीचा अंदाज बांधणे. लाकडी मचव्याची (पारंपरिक शिडाच्या होडीची) पठाण, म्हणजे तिची कील, ही सांगाड्याचाच भाग असते. आजच्या बहुतेक फायबरच्या नौकांची फिन कील मात्र शिशाची किंवा बिडाची स्वतंत्र ओतलेली असून बोल्टांनी तळाला जोडलेली असते. तिच्या खालच्या टोकाला दणका बसला, की ती तरफेसारखी काम करते: पुढची कड तळापासून सुटू पाहते आणि मागची कड वर तळात दाबली जाते. म्हणून दणका समोरून बसला तरी जखम मागे, आतल्या बाजूला शोधावी. कीलच्या मागच्या टोकावरील आडव्या पट्ट्यांना तडे गेले आहेत का, आतला सांगाडा तळापासून उकलला आहे का आणि कालपर्यंत सहज लागणारे केबिनचे दार आज अडते आहे का, हे पाहावे. छोट्या हातोडीने टकटक करत पुढे सरकावे. खणखणीत आवाज एकाएकी बद्द झाला, तर तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटल्याची शंका घ्यावी. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साडेतीन नॉटऐवजी सात नॉटने बसलेला दणका चौपट असतो.

जोडावरची भेग फिलरने बुजवून वर रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे. नौका क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असताना आणि नंतर कीलवर टेकवताना जोडाकडे जवळून पाहावे. भेग उघडमीट करत असेल किंवा तिच्यातून तांबूस पाणी झिरपत असेल, तर दोष रंगापुरता नाही. नुसते नट आवळूनही समाधान मानू नये. आत चकाकणारा स्टेनलेसचा बोल्ट, जोडातल्या ओलसर आणि हवा न पोचणाऱ्या जागेत गंजून बारीक झालेला असू शकतो.

हे सारे किती गंभीर आहे, ते ‘चीकी रफीकी’ या नौकेने दाखवून दिले. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतताना उत्तर अटलांटिकमध्ये तिची कील सुटली, ती उलटली आणि चारही खलाशी गेले. पूर्वी तळ टेकल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कीलजवळची रचना कमकुवत झाली असावी, असे ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या २०१५ च्या अहवालात म्हटले आहे. हलक्याशा टेकण्याचीही नोंद लॉगबुकमध्ये करावी असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच. तारीख, वेग, दणका कुठे बसला, आत काय पाहिले आणि कोणती दुरुस्ती केली, हे सगळे छायाचित्रांसह लिहून ठेवावे आणि नौका विकताना ते लॉगबुक नव्या मालकाच्या हाती द्यावे.