जुनं ऑफिस सॉफ्टवेअर "प्लगइन नाही" म्हणतंय? आधी आयई मोड नीट लावून बघा

ऑफिसात नवा पीसी येतो, विंडोज ११, सगळं चकाचक, आणि मग ते पंधरा वर्षं जुनं पगाराचं नाहीतर स्टोअरचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधे उघडलं की पानाच्या मधोमध नुसता राखाडी चौकोन, कारण त्याला लागणारं प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) तिथे चालत नाही. मग लोक काय करतात, तर कुठल्यातरी साइटवरून जुनं क्रोम किंवा फायरफॉक्स उतरवून घेतात. नका करू असलं. क्रोमने आवृत्ती ४५ मधे, म्हणजे २०१५ लाच, जावा-सिल्व्हरलाइटवालं प्लगइन प्रकरण बंद केलं आणि फायरफॉक्सने २०१७ मधे, त्यामुळे त्याच्याही आधीचं काहीतरी शोधावं लागतं आणि त्यात नंतरचा एकही सिक्युरिटी पॅच नसतो.

आणि गरजही नाहीये. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मधे रिटायर झाला खरा, पण त्याचं इंजिन विंडोजमधे अजून आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचा आयई मोड (जुनी पानं इंटरनेट एक्सप्लोररसारखी उघडायची सोय) तेच वापरतो, मायक्रोसॉफ्ट तो निदान २०२९ पर्यंत चालू ठेवणार आहे.

एजच्या सेटिंग्जमधे डिफॉल्ट ब्राउझर उघडा, आयई मोडमधे साइट रीलोड करायचा पर्याय "अलाउ" करा, एज रीस्टार्ट करा. मग त्याच पानावर खाली आयई मोडच्या पेजेसची यादी आहे, तिथे "अ‍ॅड" करून सॉफ्टवेअरचा पत्ता जसाच्या तसा टाका, पोर्ट नंबर (पत्त्यात : नंतर येणारा आकडा) असेल तर तोही. पूर्वी मेनूतून थेट रीलोड करता यायचं, पण २०२५ मधे या मोडचा गैरवापर करून हल्ले झाले म्हणून साध्या युजरसाठी ते शॉर्टकट काढून टाकलेत, तेव्हा जुने व्हिडिओ बघून बटण शोधत बसू नका. पत्त्याच्या डावीकडे निळा "ई" दिसला की समजा मोड चालू झाला.

यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप उडते. महिन्याने "परत बंद पडलं" असा फोन येतो तो याच्यामुळेच. आयटीवाले असतील तर त्यांच्याकडून ग्रुप पॉलिसीने (सगळ्या पीसींना एकदम लागू होणारी सेटिंग) एंटरप्राइज साइट लिस्ट, म्हणजे आयई मोडच्या साइट्सची कायमची यादी, लावून घ्या, मग ही कटकट नाही.

आता खरा घोळ, सॉफ्टवेअर जावावर चालणारं असेल तर. आयई मोडचे टॅब एरवी ३२-बिट असतात, आणि आपण विंडोज ६४-बिट आहे म्हणून जावाही ६४-बिट टाकतो, मग जावा इन्स्टॉल असूनही पान म्हणतं जावा नाही! इन्स्टॉलरच्या नावात एक्स६४ असेल तर तो नको, ३२-बिट जावा ८ घ्या. जावा ११ पासून प्लगइनच काढलंय त्यामुळे नवीन टाकून उपयोग शून्य. एप्रिल २०१९ पासूनच्या जावा ८ अपडेटना ऑफिसच्या वापरासाठी ओरॅकलचं लायसन्स लागतं, हे साहेबांच्या कानावर घाला. मग जावा कंट्रोल पॅनेलमधे सिक्युरिटी टॅबवर एक्सेप्शन लिस्टमधे तोच पत्ता टाका.

अ‍ॅक्टिव्हएक्स, म्हणजे आयईमधे बसवायचा छोटा प्रोग्राम, असेल (सीसीटीव्ही डीव्हीआरचे कॅमेरे बघायला बहुतेक हेच लागतं) तर कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, ट्रस्टेड साइट्स. पत्ता साधा एचटीटीपी असेल तर खालची एचटीटीपीएसची टिक काढा, नाहीतर तो पत्ता घेतच नाही. कस्टम लेव्हलमधे अनसाइन्ड (बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेल्या) अ‍ॅक्टिव्हएक्सला "प्रॉम्प्ट" द्या, "एनेबल" नको, आणि हे फक्त ट्रस्टेड झोनमधे, इंटरनेट झोनला अजिबात हात लावू नका. कंट्रोल बसवताना अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल.

लॉगिन होऊन परत लॉगिनचंच पान येत असेल तर लॉगिन बहुधा वेगळ्या सर्व्हरवर आहे, ते पान साध्या एजमधे उघडतं आणि सेशन (तुम्ही लॉगिन केल्याची नोंद) पलीकडे आयई मोडमधे जात नाही. दोन्ही पत्ते यादीत टाका, साइट लिस्ट असेल तर लॉगिनचा पत्ता "न्यूट्रल" (ज्या मोडमधून आलात त्यातच उघडणारा) ठेवायला सांगा.

फ्लॅशवाल्यांनी मात्र यात वेळ घालवू नका. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच कंटेंट अडवतो. साधं काही असेल तर रफल नावाचा एम्युलेटर (फ्लॅशची नक्कल करून ते चालवणारा प्रोग्राम) बघा, मोठ्या सॉफ्टवेअरला तो पुरेलच असं नाही.

आणि जमलं तर हे सगळं एकाच वेगळ्या पीसीवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर (पीसीच्या आतच चालणारा वेगळा आभासी पीसी) करा, जिथून नेट बँकिंग आणि मेल उघडत नाहीत. चार लोकांनी रिमोट डेस्कटॉपने त्यातच जाऊन काम केलं तरी चालतं, फक्त त्याचं विंडोजचं लायसन्सिंग आधी विचारून घ्या.